तत्काळचं बटण दहा वेळा दाबून तिकीट का मिळत नाही?

सकाळचे ११ वाजले की स्लीपरचं तत्काळ बुकिंग उघडतं. एसीचं त्याआधी, १० वाजता. गणपतीला कोकणात जायचं असेल, तर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी मोबाईल हातात घेऊन लोक तयारच बसलेले असतात. स्क्रीनवर गोल चाक फिरत राहतं आणि आपण बटण दाबत सुटतो.

आता, या दहा दाबण्यांचं होतं काय? वेबसाईट नीट बांधलेली असेल, तर त्यातली नऊ वाया जातात. आणि ते मुद्दाम केलेलं असतं.

यातल्या एका युक्तीला डिबाउन्स म्हणतात. नाव आलंय विजेच्या बटणांवरून. बटण एकदा दाबलं तरी आतली धातूची पट्टी क्षणभर थरथरते आणि यंत्राला वाटतं, चार-पाच वेळा दाबलं. म्हणून थरथर थांबेपर्यंत वाट पाहायची. तुम्ही 'रत्नागिरी' टाईप करताना प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावण्याऐवजी, बोटं क्षणभर थांबली की एकदाच विचारायचं. दुसरी युक्ती थ्रॉटल. कितीही घाई केलीत तरी ठरावीक वेळात एकदाच काम होणार. २०११ मध्ये ट्विटरचं पान स्क्रोल करताना अडखळत होतं, तेव्हा जेक्वेरी बनवणाऱ्या जॉन रेसिगनी हाच उपाय सुचवला होता: स्क्रोलच्या प्रत्येक हालचालीला काम करू नका, दर २५० मिलिसेकंदांनी बघा.

पण हा लगाम असतो तुमच्या ब्राउझरमध्ये. तिकीट पळवणारं सॉफ्टवेअर बटण दाबतच नाही, ते थेट सर्व्हरला विनंत्या पाठवतं. म्हणजे लगाम फक्त सरळमार्गी माणसाला! रेल्वे मंत्रालयानेच जून २०२५ मध्ये सांगितलं की, तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉट्सचे असायचे. अडीच कोटींहून जास्त संशयास्पद आयडी बंद केले गेले. नवी बॉटविरोधी यंत्रणा बसवल्यावर २२ मे २०२५ ला सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली.

मग नियमही बदलले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळसाठी आधार पडताळणी, १५ जुलैपासून आधारचा ओटीपी, आणि एजंटांना पहिली ३० मिनिटं बंदी. १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाच्या पहिल्या १५ मिनिटांनाही आधार लागू झालं. आमच्या मते लगाम सर्व्हरकडे नेणं बरोबरच. मात्र ज्या आजोबांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलाय, ते बॉटसोबतच बाहेर अडकतात.

आणखी एक. अशा यंत्रणेला भराभर येणाऱ्या एकसारख्या विनंत्या संशयास्पद वाटू शकतात. म्हणून बटण एकदाच दाबा, पेमेंट चालू असताना पान रिफ्रेश करू नका, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवा. दाबल्याबरोबर बटण फिकं पडून 'विनंती पोहोचली' एवढं जरी दिसलं, तरी कुणी दहा वेळा दाबणार नाही. हे काम मात्र वेबसाईट बनवणाऱ्यांचं.

बाकी सीटा तेवढ्याच. पश्चिम उपनगरांतल्या कोकणवासीयांची जुनी मागणी होती, म्हणून २९ ऑगस्ट २०२४ ला बोरिवलीहून झेंडा दाखवून वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली. ती आठवड्यातून दोनच दिवस सुटणारी!