अडलेला ग्राहक आणि मालवाहतूक

मुर्ध्याहून नागपूरला बदली झालेल्या कारकुनाचा संसार ट्रकवर चढला की सौद्यातील त्याचे बळ संपते. ठरलेले भाडे वाटेत वाढते आणि अडला हरी निमूटपणे पैसे मोजतो. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहतूकदारास नोंदणी व मालपावती बंधनकारक केली खरी. परंतु मूल्य जाहीर करून जादा जोखीम-दर न भरल्यास नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. माल सोपविल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस न दिल्यास दावाही बुडतो. म्हणूनच सामानाची यादी, मूल्य व भाडे माल चढण्यापूर्वीच कागदावर यावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते. मात्र कागदाविना तिला आधार कोणता? स्वस्त दराचा मोह अखेरीस महागच पडतो.