आधी गालिचा, मग मासे

प्लँटेड टँकचे फोटो बघून ज्यांचं डोकं फिरलंय, त्या मंडळींसाठी चार शब्द. पुढे हिरवागार गालिचा, मागे डोंगरासारखे दगड आणि वर निऑन टेट्रांचा थवा. या वेडाचं श्रेय (की खापर? खिसा बघून ठरवा) बरंचसं जपानच्या ताकाशी अमानो यांचं. १९८२ साली त्यांनी अ‍ॅक्वा डिझाईन अमानो ही कंपनी काढली. २०१५ मध्ये ते गेले, पण ते वेड काही गेलं नाही.

माझी तक्रार वेडाबद्दल नाही, घाईबद्दल आहे. काच, माती, रोपं आणि मासे, सगळं एकाच शनिवारी घरी आणायचं आणि रविवारी फोटो टाकायचा! नव्या अ‍ॅक्वासॉईलमधून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टँकमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडणं म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग. फरक एवढाच, की इथे रोलबॅक नाही. मासे मेले की आपण म्हणतो, "पाणी मानवलं नाही."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गालिचा हवा असेल तर टँक आधी कोरडाच सुरू करा. याला ड्राय स्टार्ट म्हणतात. माती पसरा, ओली करा, पण वर पाणी साचू देऊ नका. रोपांचे छोटे छोटे पुंजके करून चिमट्याने दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर खोचा. वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावा, रोज थोडा वेळ ती उघडून हवा द्या आणि स्प्रे मारा. बास. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे पाण्याखाली ज्या वायूसाठी रोपं तरसतात, तो इथे फुकट मिळतो. रोपं उपटून वर तरंगत नाहीत, पाण्यातलं शेवाळ नाही आणि मरायला मासेही नाहीत. हवा द्यायला विसरलात तर बुरशी धरते, एवढीच काळजी.

आता माती. "सगळ्यात महाग तीच चांगली" हे मला पटत नाही. दाणा एक ते तीन मिलिमीटरचा हवा, कारण जाड खडीत नाजूक मुळांना पकड मिळत नाही. नुसती वाळू खत धरून ठेवत नाही, मातीतली चिकणमाती धरते. अ‍ॅक्वासॉईल त्याशिवाय पाण्याचा क्षारपणा शोषून पीएच खाली आणतं. पण ही ताकद मर्यादित असते! मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ, तिथे ती पुरते. पुण्यात सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं कठीण पाणी येत असेल, तर दर पाणीबदलाला ती झिजते. पीएच सातच्या वर चढला की अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात जातो. म्हणून माती घेण्याआधी पाण्याचा केएच मोजा. टेस्ट किट मातीच्या पिशवीपेक्षा स्वस्त पडतं. पाणी फारच कठीण असेल तर आरओचं पाणी मिसळा, किंवा सरळ साधी बागेची माती आणि वर बारीक रेव असा थर द्या. डायाना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात हा मार्ग सविस्तर मांडलाय.

रोप निवडतानाही फोटोवर जाऊ नका. क्युबाचं एचसी दिसतं देखणं, पण नखरेल. पहिल्यांदाच करत असाल तर माँटे कार्लो घ्या.

पाच-सहा आठवड्यांनी माती दिसेनाशी झाली की हळूहळू पाणी भरा. इथे मात्र सिलिंडर लागतो. कार्बन डायऑक्साइड वीस-तीस पीपीएम ठेवा आणि दिवे सुरुवातीला सहाच तास. ओल्या मातीतही बॅक्टेरिया काम करत असतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासे.

"दीड महिना नुसत्या ओल्या मातीकडे बघत बसायचं?" हो, बसायचं. आपल्याला तो दीड महिना कंटाळ्याचा, माशाला तो जगण्यामरण्याचा. आणि खरं सांगू का, रोज सकाळी चहाचा कप घेऊन एकेक नवी फांदी शोधण्यात जी मजा आहे, ती विकत आणलेल्या गालिच्यात नाही. असो. आज शनिवार आहे, दुकानात जाणारच असाल तर मासे सोडून बाकी सगळं आणा!