कानात हेडसेट, हातात मोबाइल

१०८ किंवा ११२ क्रमांक लावताना आपल्या डोळ्यांसमोर रुग्णवाहिका असते, नाहीतर पोलिसांची गाडी. या गाड्यांच्या आधी एक माणूस असतो, हे सहसा लक्षात येत नाही. तो नियंत्रण कक्षात हेडसेट लावून संगणकासमोर बसलेला असतो. पत्ता विचारायचा, काय झाले आहे ते समजून घ्यायचे, जवळची गाडी रवाना करायची आणि ती पोचेपर्यंत घाबरलेल्या माणसाला काय करायचे ते सांगायचे, ही त्याची कामे. त्याला डिस्पॅचर म्हणतात. या माणसाच्या टेबलावर ड्यूटीच्या वेळेत त्याचा खासगी मोबाइल असावा का? वरवर पाहता हा कार्यालयीन शिस्तीचा प्रश्न वाटतो. खरे तर तो रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे आणि त्याचे उत्तर ‘नसावा’ असेच द्यावे लागते. मात्र एवढे सांगून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही.

आधी हे काम किती बारकाईने ऐकण्याचे आहे ते पाहू. हृदय अचानक बंद पडलेला माणूस लगेच निपचित होतो असे नाही. पहिल्या काही मिनिटांत बऱ्याच रुग्णांना मधूनमधून आचके येतात, घशातून घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो. हा खरा श्वास नसतो. पण घरचे लोक फोनवर सांगतात, ‘श्वास चालू आहे, घोरतायत.’ त्यावर विसंबून कॉल घेणाऱ्याने ‘ठीक आहे, गाडी पाठवतो’ म्हटले, तर छातीवर दाब द्यायला कोणीच सुरुवात करत नाही. हृदय बंद पडल्यावर सीपीआरविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून जाणता डिस्पॅचर विचारतो, ‘छाती नियमित वर-खाली होते आहे का? फोन त्यांच्या तोंडाजवळ न्या, मला ऐकू द्या.’ आणि दोन आचक्यांमधले अंतर ऐकून तो ठरवतो की दाब सुरू करायला सांगायचे. मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही फोनवरून मोजत. इथे अर्धे लक्ष देऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात आहे. म्हणजे गडचिरोलीच्या खेड्यातला कॉल पुण्यात बसलेला माणूस घेतो. ते गाव त्याने पाहिलेले नसते. आपल्या राज्यात वडगाव किती, पिंपळगाव किती, नांदगाव किती! गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण हे सगळे घाईघाईने, कधी रडत, कधी स्थानिक बोलीत सांगितले जाते. एक शब्द निसटला, तर गाडी दुसऱ्याच गावाकडे निघू शकते.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा : ‘कॉल चालू असताना मोबाइल कोण पाहतो? दोन कॉलच्या मधल्या वेळात पाहिला तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक क्रमाने करायच्या कामात सुमारे तीन सेकंदांचा व्यत्यय आणला, तर क्रम चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले. तीन सेकंद म्हणजे व्हॉट्सॲपवर कोणाचा निरोप आहे हे पाहण्याइतका वेळ. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील २०१५च्या अभ्यासात तर सहभागींनी फोन हातातही घेतला नव्हता. फोन नुसता वाजला किंवा थरथरला, तरी एकाग्रतेच्या कामातील त्यांच्या चुका वाढल्या. ‘कोणाचा असेल?’ हा विचार पुरेसा ठरला. डोळे पडद्यावर परतले म्हणजे मनही परतले, असे होत नाही. घरचा निरोप, बँकेचा संदेश, अर्धवट राहिलेला खेळ काही काळ डोक्यात रेंगाळतच असतो. आणि कॉल येतो तो सांगून येत नाही.

हे प्रयोगशाळेपुरते नाही. तारतम्य आणि लक्ष या दोन गोष्टींवर चालणाऱ्या इतर नियंत्रण कक्षांनी याची किंमत मोजली आहे. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जर्मनीतील बाड आयब्लिंग गावाजवळ एकेरी मार्गावर दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या. १२ जणांचा जीव गेला. गाड्यांचे नियंत्रण करणारा कर्मचारी ड्यूटीवर मोबाइलवर खेळ खेळत होता, अगदी अपघाताच्या थोडे आधीपर्यंत. त्याने चुकीचा सिग्नल दिला. चूक ध्यानात आल्यावर धोक्याचा इशारा द्यायला गेला, तर तिथेही चुकीचे बटण दाबले आणि इशारा चालकांपर्यंत पोचलाच नाही. न्यायालयाने त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा दिली.

त्याआधी, ८ ऑगस्ट २००९ रोजी, न्यूयॉर्कला लागून वाहणाऱ्या हडसन नदीवर एक छोटे विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ९ जण दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणे मांडताना एका हवाई नियंत्रकाचे कामाशी संबंध नसलेले फोनवरचे बोलणे त्यात नोंदवले. वैमानिकाने रेडिओची कंपनसंख्या चुकीची परत म्हणून दाखवली होती. बोलण्यात गुंतलेल्या नियंत्रकाने ती दुरुस्त केली नाही. पत्ता परत म्हणवून घेणाऱ्या डिस्पॅचरचे काम याहून वेगळे काय आहे?

आता दुसरी बाजू. ती न पाहता केलेली बंदी टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून संकेत का निसटतात, याचा शोध ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. घड्याळासारख्या काट्याची क्वचित होणारी मोठी उडी टिपायची, एवढेच काम त्यांनी लोकांना दिले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. १९४८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो. म्हणजे फोन नसला तरी मन भटकतेच. रात्री तीन वाजता, एकामागून एक कोरे किंवा खोडसाळ कॉल घेतल्यावर, कोणीही माणूस विरंगुळा शोधणारच. त्यात एखाद्याने नुकताच आपले मूल गमावलेल्या आईचा आक्रोश ऐकलेला असतो. तो कॉल संपतो आणि पुढचा घ्यायचा असतो. अशा वेळी खिशातला मोबाइल हेच त्याचे औषध बनते. शिवाय त्याच्याही घरी तापाने फणफणलेले मूल असते, आजारी वडील असतात.

म्हणून ‘मोबाइल सापडला तर दंड’ अशी नोटीस भिंतीवर लावून काम भागणार नाही. तेवढेच केले तर मोबाइल टेबलावरून मांडीवर जाईल, एवढाच फरक. लपवून पाहण्यात लक्ष आणखी जास्त जाते. बंदी घालणाऱ्याने आधी काही गोष्टी पुरवल्या पाहिजेत.

पहिली, घरच्यांसाठी एक वेगळा दूरध्वनी क्रमांक. तो पर्यवेक्षकाकडे असावा आणि निकडीचा निरोप आला की बदली माणूस बसवून कर्मचाऱ्याला ताबडतोब उठू द्यावे. घरचा निरोप अडणार नाही याची खात्री असेल, तर मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवायला फारसे कोणी कुरकुरणार नाही. दुसरी, ठरलेली विश्रांती. दर दोन तासांनी काही मिनिटे खुर्ची सोडता आली पाहिजे आणि विश्रांतीच्या खोलीत मोबाइल खुशाल पाहावा. त्यासाठी माणसे पुरेशी हवीत, म्हणजे पैसे खर्च करावे लागतील. तिसरी, जीव हादरवणाऱ्या कॉलनंतर थोडा वेळ आणि बोलायला कोणीतरी. चौथी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. कित्येक कार्यालयांत साहेबांच्या सूचना, हजेरी, शिफ्टचे वेळापत्रक हे सगळे कर्मचाऱ्याच्या खासगी व्हॉट्सॲपवरच येते. नियंत्रण कक्षातही तसेच चालत असेल, तर मोबाइलबंदी हा विनोद ठरेल. कामाचे निरोप कामाच्या पडद्यावरच आले पाहिजेत. आणि नियम साहेबांनाही लागू हवा. पर्यवेक्षक रील्स पाहत फिरत असेल, तर कनिष्ठांना सांगायचे तोंड राहत नाही.

मोबाइल दूर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याबाबत तडजोड नको. मोबाइलला कॅमेरा असतो. डिस्पॅचरच्या पडद्यावर अनोळखी माणसांची नावे, पत्ते, आजार, कधी विष घेतल्याची तर कधी घरातल्या मारहाणीची माहिती असते. पडद्याचा एक फोटो एखाद्या ग्रुपवर गेला, की गावभर व्हायला वेळ लागत नाही. मदतीसाठी फोन करणाऱ्या स्त्रीला ‘हे बाहेर जाणार नाही’ असा विश्वास वाटला नाही, तर ती फोनच करणार नाही.

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक आता रुळतो आहे. १०८ची सेवा शासनाच्या वतीने खासगी संस्था चालवते, तेव्हा हे सगळे करारात लिहिलेले असायला हवे : मोबाइल कुठे ठेवायचा, विश्रांती किती, बदली माणूस कोण, घरच्यांसाठी क्रमांक कोणता. गाड्या किती आणि त्या किती मिनिटांत पोचल्या, याचा हिशेब आपण मागतो. कॉल घेणाऱ्याला नीट ऐकता यावे म्हणून काय केले, याचाही मागितला पाहिजे. गाडी निघण्याआधीचे ते दीड-दोन मिनिट त्याच्या हाती असतात आणि तेवढा वेळ तरी त्याचे दोन्ही कान आपल्यासाठी मोकळे असले पाहिजेत.