गंगेचा करार आणि पाण्याचा दर्जा




१२ डिसेंबर १९९६ रोजी भारत व बांगलादेश यांच्यात झालेल्या गंगाजलवाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपत असताना, फरक्का बंधाऱ्याचे किती पाणी कोणाच्या वाट्यास यावे याखेरीज दुसरा प्रश्नच चर्चेत उपस्थित होऊ नये, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते. पद्मा हे नाव धारण करून पलीकडे जाणाऱ्या प्रवाहाबरोबर वरच्या शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचा निचराही जातो. पण करारान्वये मोजला जातो तो केवळ प्रवाह.

प्रदूषणाचे आकडे शेजाऱ्याच्या हवाली करणे म्हणजे उद्याच्या नुकसानभरपाईच्या दाव्यास आमंत्रण, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. परंतु युरोपातील ऱ्हाईन नदीचा इतिहास पाहावा. १९५० साली स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स यांनी तिच्यासाठी संयुक्त आयोग स्थापिला. फ्रान्समधील अल्सेसच्या पोटॅश खाणींचे मीठ नेदरलँड्सच्या बागायतीस व पिण्याच्या पाण्यास बाधत होते, आणि १९७६ च्या बॉन करारात ते मीठ रोखण्याच्या खर्चापैकी फ्रान्स व जर्मनीने प्रत्येकी ३० टक्के, स्वित्झर्लंडने ६ टक्के, तर ज्याचे नुकसान होत होते त्या नेदरलँड्सनेच ३४ टक्के उचलले. हा हिस्सा मलाही खटकतो, आणि एवढे करूनही तो करार अमलात यावयास १९८५ साल उजाडले. तरीही दाव्याच्या भीतीने कोणी प्रदूषणाची मोजणी सोडली नाही. म्हणूनच १९८६ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधील बाझलजवळच्या रासायनिक गोदामाला आग लागून नदीत गेलेल्या विषारी पाण्याने वाम मासे लाखाच्या संख्येने मेले, तेव्हा वर्षभरातच सर्वांना मान्य असा कृतिकार्यक्रम सिद्ध होऊ शकला.

फरक्का व बांगलादेशातील हार्डिंज पूल येथे दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मे उभय देशांची पथके रोज प्रवाह मोजतातच. त्याच जागी नमुने घ्यावेत, दोन्हीकडील प्रयोगशाळांनी ते एकाच पद्धतीने तपासावेत आणि आकडे दोन्ही सरकारांच्या सहीशिक्क्यानिशी प्रसिद्ध व्हावेत, असे कलम नव्या करारात घालण्याचा आग्रह भारतानेच धरावा. कारण सीमेपलीकडील साखर कारखान्याच्या सांडपाण्याने माथाभांगा नदीतून येणारी चूर्णी नदी नासते, ही पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. तेथे खालच्या अंगाला आपण आहोत, आणि गंगेचे आकडे आपण दडवून ठेवले तर चूर्णीचे मागावयास आपल्याला तोंड उरणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक