अलाइनमेंट पुढचं, टायर मागचे

दहा-बारा वर्षं चाललेल्या एसयूव्हीचे मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले जायला लागले, की मालकाला ठरलेला सल्ला मिळतो: टायर बदला आणि अलाइनमेंट करून घ्या. टायर बदलले जातात, अलाइनमेंट होतं, आणि काही महिन्यांत नव्या टायरचीही आतली कड गुळगुळीत होते. मग दोष टायरच्या कंपनीवर जातो, रस्त्यांवर जातो, गाडीच्या वयावर जातो. खरं कारण गाडीच्या पोटाखाली असतं. तिथे बुशांचं रबर चिरलेलं असतं, स्प्रिंग बसलेली असते आणि सेटिंगचा बोल्ट गंजून जाम झालेला असतो. तिकडे वाकून पाहण्याचे कष्ट फार थोड्या ठिकाणी घेतले जातात.

बहुतेक दुकानांत अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळली आहेत ते, जुळवणं. मशीन खरं तर चारही चाकं मोजतं. मागच्या चाकांचे आकडे पडद्यावर लाल दिसत असतात. मालकाने विचारलंच तर उत्तर येतं, "मागे सेटिंग नसतं, साहेब." हे उत्तर काही गाड्यांपुरतं खरं आहे. बाकीच्या गाड्यांच्या मालकांचं त्याने सरळ नुकसान होतं.

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी सफारी, फॉर्च्युनर यांच्या मागे अखंड अ‍ॅक्सल असतो. दोन्ही चाकं एकाच हौसिंगला जोडलेली असल्यामुळे तिथे टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलायची सोय नसते. म्हणून तिथे काही बिघडतच नाही, असं मात्र नाही. बोलेरोच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अ‍ॅक्सल धरून ठेवणाऱ्या आर्मचे बुश झिजले, तरी तो तिरका होतो. मग गाडी खेकड्यासारखी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. दुकानात पुढचे टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून दिलं जातं. मालक खूश होतो, अ‍ॅक्सल मात्र तिरकाच राहतो.

एक्सयूव्ही ५००, होंडा सीआर-व्ही, डस्टरचं ऑल-व्हील ड्राइव्ह मॉडेल यांची गोष्ट वेगळी. यांची मागची चाकं स्वतंत्र सस्पेंशनवर आहेत. चाकाची दिशा तीन-चार आर्म मिळून ठरवतात आणि प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. सीआर-व्हीच्या मागच्या चाकांचा टो जुळवता येतो. कॅम्बरसाठी कंपनीने तशी सोय दिलेली नाही. त्यामुळे स्प्रिंग बसून चाक वरच्या बाजूने आत कललं, तर मशीनवर कितीही वेळ घालवला तरी ते सरळ होत नाही. स्प्रिंग आणि बुश बदलणं हाच त्याचा इलाज. पेट्रोल गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवली असेल, तर हा त्रास आणखी लवकर सुरू होतो, कारण पन्नास-साठ किलोंचा बोजा तिच्या मागच्या स्प्रिंगवर कायमचा येतो.

टायरची खरी नासाडी टो करतो. चाक सरळ दिशेपासून अर्धा अंश वळलेलं असेल, तर दर किलोमीटरमागे टायर जवळपास पावणेनऊ मीटर आडवा घासला जातो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर हा हिशेब सहा किलोमीटरच्या वर जातो. त्यातही घातक प्रकार म्हणजे दोन्ही मागची चाकं सारखीच आत वळलेली असणं. दोघांचा ओढा एकमेकांना मारतो. गाडी सरळ धावते, स्टेअरिंग सरळ राहतं आणि चालवणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही.

हाताला मात्र ते कळतं. गाडी बंद करून मागच्या टायरच्या नक्षीवरून तळवा आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचणारं लागलं, तर टो बिघडला आहे. टायरच्या परिघावर जागोजागी उथळ खड्डे लागले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपत आल्याची शक्यता मोठी. अशा टायरचा वेगात घोंगावणारा आवाज येतो. तो व्हील बेअरिंगचा समजून चांगलं बेअरिंग बदललं जातं आणि आवाज जसाच्या तसा राहतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गाडी उचलून, प्रत्येक बुशापाशी टॉमी घालून आर्म हलवून पाहायचा. सैल असेल ते बदलायचं आणि त्यानंतरच मशीनवर जायचं. तिथे आधी मागची चाकं जुळवायची, कारण गाडीची धावण्याची रेषा तीच ठरवतात. पुढची चाकं त्या रेषेला धरून लावायची. बुश सैल ठेवून केलेलं अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतही टिकेल याची खात्री नाही.

नवा बुश बसवतानाही एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर असते, चाकं खाली लोंबत असतात आणि तशाच स्थितीत आर्मचे बोल्ट आवळले जातात. रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडाला चिकटवलेलं असल्यामुळे गाडी खाली उतरताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. असे बुश लवकर फाटतात आणि नाव "डुप्लिकेट माला"चं होतं. वजन चाकांवर आल्यावर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचा आवळा द्यायला हवा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांचं दुखणं आणखी निराळं. खाऱ्या हवेने सेटिंगचा बोल्ट बुशाच्या आतल्या नळीत गंजून धरतो. तेल सोडून, तापवूनही तो हलत नाही आणि शेवटी कापावाच लागतो. अशा गाडीला "सेटिंग होत नाही" म्हणून परत पाठवणं सोपं, पण त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

हा केवळ पैशांचा मामला नाही. एक्सयूव्ही ५००च्या २३५/६५ आर१७ मापाच्या एका टायरला दहा हजारांच्या आसपास मोजावे लागतात, तो भाग आहेच. पण पावसात वळणावर मागच्या टायरने पकड सोडली, तर गाडीची शेपूट फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. समृद्धीवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, ती योग्यच होती. कायद्याला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. मात्र उभ्याने पाहिलं तर टायरची बाहेरची कडच दिसते, आणि जुन्या एसयूव्हीची आतली कड तारा दिसेपर्यंत गेलेली असू शकते. अशा मोहिमेत आणि फिटनेस तपासणीतही मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहणं सक्तीचं करावं. त्याला फार वेळ लागणार नाही.

दुकानदारांनीही चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मालकाच्या हातात द्यावेत. मशीन तो कागद काढून देतंच. मागच्या चाकांचे आकडे मर्यादेबाहेर असतील, तर कोणता बुश किंवा कोणती स्प्रिंग गेली आहे हे त्याच कागदावर लिहून द्यावं. असं तपासायला अर्धा-पाऊण तास मोडतो आणि आज त्याचे पैसे मेकॅनिकला कुणी देत नाही, म्हणून तो ते करत नाही. ही तपासणी बिलात वेगळी लावली जावी, आणि टायरला दहा हजार मोजणाऱ्या मालकानेही ती रक्कम घासाघीस न करता द्यावी.