द्विपदविस्तार : पाठांतर कीं समज ?

बीजगणितांतील ज्या प्रकरणापाशीं येतांच पुष्कळ विद्यार्थी धीर सोडतात, तें द्विपदविस्ताराचें होय. सूत्र लांबलचक आणि सहगुणक निरनिराळे. म्हणून मुलें तें परवच्याप्रमाणें घोकतात, आणि घरीं वडील मंडळी तें बिनचूक म्हणवून घेऊन समाधान मानतात. हें समाधान फसवें आहे, असें आमचें मत आहे.

मुलाला अ अधिक ब ह्याचा वर्ग विचारून पाहावा. अचा वर्ग अधिक बचा वर्ग, असें उत्तर वारंवार येतें. आतां अ म्हणजे ५ व ब म्हणजे ३ घ्या. बेरीज ८, तिचा वर्ग ६४. परंतु २५ आणि ९ मिळून ३४ च होतात. राहिलेले ३० कोठें गेले ? ८ हात बाजूचा चौरस काढून प्रत्येक बाजू ५ व ३ अशी विभागावी, म्हणजे दोन चौरसांखेरीज १५-१५ चौरस हातांचे दोन आयत स्पष्ट दिसतात. हें ज्यानें एकदां पाहिलें, तो मधलें पद सहसा विसरणार नाहीं.

पुढील घातांचें मर्मही असेंच सोपें आहे. अ अधिक ब असे तीन कंस गुणावयाचे, म्हणजे प्रत्येक कंसांतून अ किंवा ब ह्यांपैकीं एक अक्षर उचलावयाचें. दोन अ आणि एक ब अशी निवड अअब, अबअ, बअअ अशी तीनच प्रकारें होते. म्हणून तेथें सहगुणक ३. चार कंसांतून दोन अ व दोन ब सहा प्रकारें घेतां येतात. म्हणून सहगुणकांची ओळ १, ४, ६, ४, १.

अशी मोजणी छंदःशास्त्रालाही लागते. चार अक्षरांच्या चरणांत दोन लघु व दोन गुरु किती प्रकारें बसतील ? सहाच. पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेंत हलायुधानें दहाव्या शतकांत ह्याच संख्यांचा मेरुप्रस्तार सांगितला. पास्कालचा ह्या त्रिकोणावरील ग्रंथ १६६५ सालीं प्रसिद्ध झाला. आणि १६७६ सालीं न्यूटननें अपूर्णांक घातांच्याही विस्ताराचा नियम पत्रांतून कळविला.

परीक्षा जवळ आली असतां समजून घेण्यास वेळ कोठून आणावा, असें पालक म्हणतील. परंतु घोकलेलें एक पद निसटलें, तर सारें उदाहरण बुडतें. समजलेला विद्यार्थी तें पद तेथल्या तेथें पुन्हां उभारतो. शिवाय ज्याला पाठांतर साधत नाहीं, अशा कित्येक बुद्धिमान मुलांवर “मंद” असा शिक्का बसतो, आणि तीं गणिताला कायमचीं मुकतात. ही हानि गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे : सूत्र पाठ झालें का, असें विचारण्याआधीं “येथें ६ च कां ?” असें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उत्तर तुम्हांस येत नसेल, तर पाटी घ्या, चार कंस मांडा आणि ते सहा प्रकार स्वतः लिहून काढा.