नादारीचा अर्ज करण्याआधी



'नादारी' हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. शाळेची फी भरायची ऐपत नसली की वडील नादारीचा अर्ज भरून देत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. तोच शब्द कर्जाच्या बाबतीत आला की माणूस मान खाली घालतो. पतपेढीचे हप्ते, बँकेचे कार्ड, मोबाईलवर घेतलेले कर्ज आणि वस्तीतल्या सावकाराचे व्याज एकदम अंगावर आले, तर कुणी गावी पळतो, कुणी दारू जवळ करतो, कुणी त्याहून वाईट करतो. वकिलाकडे मात्र जात नाही.

कर्ज फेडायची ऐपत नसणे हा गुन्हा नव्हे. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ पैसे नाहीत एवढ्यासाठी माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. पैसे असून दडवले, तर गोष्ट वेगळी.

२०१६ ची नवी संहिता कंपन्यांना लागू झाली, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच चालू झाला आहे. तुम्हा-आम्हाला मुंबईत १९०९ चाच कायदा. घर मुलुंडला असो की बोरिवलीला, अर्ज फोर्टला उच्च न्यायालयात करायचा. कर्ज ५०० रुपयांचे असले तरी अर्ज चालतो, असे त्यात लिहिले आहे. १९०९ सालचे ५०० रुपये, बरे का!

नादार ठरल्यावर मालमत्ता ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय सावकाराला वसुलीचा दावा लावता येत नाही. गरजेचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कामाची हत्यारे ठरावीक किमतीपर्यंत घरात राहतात. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. पुढे कोर्टाने मोकळे केले की बहुतेक जुनी कर्जे संपतात. सरकारी देणे आणि फसवणुकीचे देणे राहते. मोकळे होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी केली, तरी तो गुन्हा.

आता जामीनदाराविषयी. पतपेढीच्या कर्जाला आपल्यासाठी सही करतो तो कोण? शेजारच्या टेबलावरचा शिपाई, नाहीतर सख्खा मेव्हणा. आपण कोर्टातून मोकळे झालो तरी तो मोकळा होत नाही. पतपेढी त्याच्या पगाराकडे वळते. म्हणून अर्ज करण्याआधी त्याच्या घरी जाऊन त्याला सांगा. त्याला नोटिशीतून कळू देणे मला तरी माणुसकीचे वाटत नाही.

दुसरी खोड खोली नावावर करून देण्याची. 'आधी खोली भावाच्या नावे करू, मग नादार होऊ' असा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांतले असे फुकटचे हस्तांतर त्या अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. खोलीही जाते आणि कोर्टाचा विश्वासही.

लायसन नसलेल्या सावकाराचे कर्ज असेल तर वकिलाला ते आधी सांगा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे त्याला कोर्टातून हुकूमनामा मिळत नाही. कदाचित नादार होण्याची गरजच उरणार नाही.

वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जातीच्या व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही ही सवलत लागू आहे. स्त्री असेल, औद्योगिक कामगार असेल, तरी मिळतो. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. कार्डे छापून फिरणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

जाताना जातीचा दाखला, रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी न्या. एका वहीत सर्व देणेकऱ्यांची नावे, रक्कम, व्याज, तारीख आणि जामीनदार लिहा. बायकोपासून लपवलेले कर्जही त्या वहीत आले पाहिजे, आणि वही आधी तिला दाखवा.